कडीचोर

काकांच्या चपलांत हरभरे असायचे.

पहिल्या दिवशी घर झाडताना मी त्या चपला उचलल्या आणि चार-पाच हरभरे खाली पडले. मला वाटलं, उंदरांचं काम. मी ते केरात लोटले. काका आतून आले, वाकले आणि केरातून एकेक हरभरा वेचून, फुंकर मारून परत चपलेत टाकला.

"अहो ताई, हे राहू द्या. हे माझ्या कामाचे आहेत."

काम काय ते मला पंधरा दिवसांनी कळलं. बिल्डिंगमध्ये कुणा म्हाताऱ्या माणसाचं घर 'तपासायला' जायचं असलं की काका त्या चपला घालायचे. चष्म्याच्या काचांना खोबरेल तेल चोळायचे. उजव्या गुडघ्याला पट्टी इतकी आवळून बांधायचे की पाय वाकायचाच नाही. मग तसेच लंगडत, चाचपडत त्या घरात शिरायचे. वय अठ्ठ्याहत्तर, पण नजर आणि गुडघे चाळिशीतल्या माणसासारखे, आणि त्याचाच त्यांना राग होता. म्हणायचे, "माझे पाय खोटारडे आहेत ताई. सगळं ठीक आहे म्हणून सांगतात. हरभऱ्यांवर चाललो की खरं बोलतात."

ठाकुर्लीच्या त्या बिल्डिंगमध्ये आता त्यांचा विषय निघाला की लोक हसतात, नाहीतर मान हलवतात. दुसऱ्यांच्या बाथरूमच्या कड्या काढत फिरला आणि स्वतः कडी लावून पडला, असं म्हणतात. कडी लावलेली होती हे खरं आहे. ती तिथे का होती, हे फक्त मला माहीत आहे, आणि मी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. बोलायला उभी राहिले की लहानपणापासून माझं बोलणं अडतं. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि वरकामाला होते, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मी कोपरच्या चाळीत राहते. काकांची बायको मी यायच्या आधीच गेली होती आणि मुलगा ठाण्याला, बाळकुमच्या एका नव्या टॉवरमध्ये राहायला गेला होता. त्यानेच मला ठेवलं. ठेवताना म्हणाला होता, "बाबा जरा वेगळे आहेत. तुम्हाला त्रास नाही देणार, पण घरात कुठे काय लावलंय ते विचारून हात लावा."

घरात काय काय लावलं होतं! संडासापासून पलंगापर्यंत भिंतीला लाकडी कठडा. त्यावर दर हातभर अंतरावर सुतळीची गाठ, म्हणजे अंधारातही हाताला कळावं की किती आलो. चमच्यांच्या दांड्यांना सायकलची ट्यूब गुंडाळलेली, थरथरत्या हातातून निसटू नये म्हणून, जरी त्यांचे हात थरथरत नव्हते. गॅसच्या बटणांना लाल रंग. आतल्या दारांचे उंबरे काढून टाकलेले. संडास-बाथरूम एकत्रच; तिथे खुर्ची, दोन स्टीलचे दांडे, आणि बेलचं बटण गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी विचारलं, "काका, हे एवढं खाली का?"

"पडलेला माणूस उभा राहून बेल वाजवतो का?"

पूर्वी ते ठाण्याला एका कारखान्यात सेफ्टीचे साहेब होते. तिथे मशीनला माणसांचे हात लागू नयेत म्हणून जाळ्या बसवून घेणं, जिने तपासणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काम बिल्डिंगवर सुरू केलं, कुणी सांगितलेलं नसताना. म्हणायचे, "पडणं नशिबात नसतं, फरशीत असतं."

त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे टॉवेलची दांडी. म्हातारा माणूस घसरला की जे हाताला येईल ते धरतो, आणि हाताला येते टॉवेलची दांडी, जी दोन बारीक खिळ्यांवर लटकलेली असते. हे लोकांना पटावं म्हणून काका परक्याच्या बाथरूममध्ये जाऊन त्यांच्या दांडीला चक्क लोंबकळायचे. तिसऱ्या मजल्यावर एका घरी दांडी, तिच्यामागचं प्लास्टर आणि काका, तिघेही एकदम खाली आले. घरची बाई ओरडली, "अहो काय चाललंय हे! कालच रंग दिलाय!"

काका खाली बसूनच म्हणाले, "आज मी पडलो. उद्या तुमच्या सासूबाई पडल्या असत्या."

"त्या नसत्या पडल्या! त्या नाही लोंबकळत तुमच्यासारख्या!"

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः सिमेंट कालवून भिंत नीट केली आणि तिथे पक्का स्टीलचा दांडा बसवला. मी खाली बादली धरून उभी होते. बसवून झाल्यावर काका त्याला दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय उचलून. मग सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "आजी, आता खुशाल घसरा."

जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला त्यांनी पिवळा पट्टा मारला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीबरोबर भांडण झालं. सेक्रेटरी म्हणाले, "जिना आहे का रिक्षा स्टँड?" काकांनी आपला तेल चोळलेला चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला आणि म्हणाले, "आता उतरून दाखवा." सेक्रेटरी दोन पायऱ्या उतरले आणि भिंत धरून उभे राहिले. पट्टे राहिले.

एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी म्हाताऱ्या बायकांना पडल्यावर उठायचं कसं ते शिकवलं. सहा-सात जणी चटयांवर आडव्या, पदर तोंडावर घेऊन हसताहेत, आणि काका मधून फिरताहेत. "आधी कुशीवर. मग कोपर. मग गुडघा. घाई नाही." आमच्या समोरच्या दारातल्या काकू ओरडल्या, "अहो, झोपवलंत खरं, उठवणार कोण? तुमच्या तर चपलेत हरभरे!" त्या दिवसाइतकं त्यांना हसताना मी पुन्हा बघितलं नाही.

हे सगळं लोकांनी चालवून घेतलं. कड्यांवरून मात्र बायका चिडल्या.

काकांचं म्हणणं होतं की म्हाताऱ्या माणसाच्या बाथरूमला आतून कडी नको. दार लावा, कडी नको. त्याऐवजी त्यांनी लाकडाच्या पाट्या केल्या होत्या, एका बाजूला लाल, एका बाजूला हिरवा रंग. आत जाताना दारावरची पाटी लाल करायची, बाहेर आलं की हिरवी. एकेका घरात जाऊन गोड बोलून ते कडी काढायचे, स्क्रूसकट एका बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. पोरं त्यांना कडीचोर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. जिन्यात पोरं दिसली की डबा खुळखुळवून दाखवायचे.

समोरच्या काकू कितीतरी दिवस तयार नव्हत्या. "ऐंशी वर्षं कडी लावून अंघोळ केली, आता उघड्यावर करू?" शेवटी तयार झाल्या त्या काकांनी एक गोष्ट सांगितली म्हणून. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून ऐकली. बायको बाथरूममध्ये पडली तेव्हा काका घरातच होते. आतून कडी होती. पितळेची, भक्कम, कारखान्यातल्या फिटरकडून करून घेतलेली. "मीच बसवली होती," काका म्हणाले. "चांगली बसवली होती. मला तोडता आली नाही." सुतार येईपर्यंत ती आतून हाका मारत होती, मग थांबली. एवढं बोलून त्यांनी चहा घेतला आणि "साखर कमी आहे का आज?" असं मला विचारलं. साखर रोजच्याएवढीच होती.

आता माझं.

मी वाढले त्या चाळीत संडास सगळ्यांचे मिळून. कड्या तुटलेल्या. एका हाताने दार आतून ओढून धरायचं आणि बसायचं. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा बाहेरून कुणीतरी दार ओढलं. माझा हात सुटला. तो माणूस लगेच निघून गेला नाही. एवढंच लिहिते. त्यानंतर कडी नसलेल्या दाराआड मला जाताच येत नाही.

काकांच्या घरात एकही कडी नव्हती. म्हणून मी सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत जात नव्हते. जायला लागू नये म्हणून पाणी पीत नव्हते. असे चार महिने काढले. मग लघवीला जळजळ, ताप, कंबर दुखते. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि पाणी प्या म्हणाला. मी दोनदा आजारी पडले. काकांच्या नजरेतून काही सुटत नसे. एक दिवस त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला.

"प्या."

"नंतर पिते काका."

"तुम्ही दिवसभर पाणी पीत नाही. चार महिने बघतोय. का?"

ते थांबून राहिले. त्यांना थांबता यायचं. शेवटी मी म्हटलं, "काका, कडी नाही ना."

त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पाटी समजावून सांगितली नाही, बायकोची गोष्ट सांगितली नाही. "हो," म्हणाले. "बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा बाथरूमच्या दाराला आतून एक छोटी कडी होती. त्यांच्या डब्यातलीच, कुणाच्या तरी घरची.

"ही तुमची. मी लावणार नाही. नवीन प्रकारची मागवतो, बाहेरून नाण्याने उघडते तशी. ती येईपर्यंत ही."

मी दारामागे जाऊन ती लावली आणि मला रडू आलं. कुणी माझ्यासाठी कधी दार बंद करून दिलं नव्हतं.

इथेच थांबलं असतं तर बरं होतं. पुढच्या महिन्यात एकदा काका अंघोळीला गेले आणि पाटी लाल करायला विसरले. मी बादली घ्यायला दार उघडलं. क्षणभरच. पण मी हातातलं सगळं टाकून घरी निघून आले आणि दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी काका कोपरला चाळीत आले. दारात उभे राहून, आत न बघता म्हणाले, "चूक माझी होती ताई. पुन्हा होणार नाही. या कामाला."

मी गेले. त्या दिवसापासून काका अंघोळीला गेले की आतून कडी लावल्याचा आवाज यायचा. मला ऐकू जावा एवढा मोठा. मी तो आवाज ऐकून निर्धास्त व्हायचे. त्यांनी बायको गेल्यापासून एकही कडी लावली नव्हती, हे मला माहीत होतं, आणि तरी मी निर्धास्त व्हायचे. नाण्याने उघडणारी कडी दुकानदार आज येईल, उद्या येईल करत होता. मीही कधी आठवण केली नाही.

मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. मी गवार मोडत होते. बेल वाजली, बाथरूमची. ती बेल कधीच वाजत नसे. मी धावले.

"काका?"

"पडलोय. शुद्धीवर आहे. कंबर गेली बहुतेक." कारखान्यात वर कळवावं तसं बोलत होते. "नळ चालू राहिलाय, हात पोचत नाही. गार पाणी अंगावर येतंय. आता ऐका. कडीचे स्क्रू मी मुद्दाम आखूड लावलेत. दाराला खांदा द्या. निघेल."

मी दाराला हात लावला. दारापलीकडे काका होते आणि त्यांच्या अंगावर कपडे नव्हते. मला दुसरं काही सुचेना.

"काका, मी कुणाला तरी बोलावून आणते."

"नको, वेळ जाईल. तुम्हीच ढकला."

"पुरुष माणूस आणते काका. आत्ता आणते."

"अहो ताई... अगं ढकल! ढकल गं बाई!"

मला ते कधी अगंतुगं करत नसत. तरी मी वळले आणि बाहेर पळाले.

समोरच्या काकू वॉकर धरून दाराशी येईपर्यंत मी खाली गेले होते. मंगळवारी सकाळी अकरा वाजता बिल्डिंगमध्ये पुरुष कुठला? दोन दारं वाजवली, कुलपं. एका घरात मुलगा होता, कानाला हेडफोन लावून काम करत असणार, त्याला बेल ऐकू गेली नाही. वॉचमन मागे टँकरचं पाणी घेत होता. "दीदी, पाइप छोड के कैसे आऊँ? दो मिनट," म्हणाला. मी त्याच्याशी भांडलेही नाही. तिथे उभी राहिले. टाकीत पडणारं पाणी बघत राहिले. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि धावला.

वीस मिनिटं झाली असतील. काकू आमच्या दारात वॉकर धरून रडत होत्या. "आवाज यायचा थांबला गं," म्हणाल्या.

वॉचमनने एकदाच खांदा मारला. लहानखुरा माणूस. कडी निघून फरशीवर पडली.

काकांचे ओठ निळे पडले होते. एक हात बेलच्या बटणावर होता. आणि त्यांनी टॉवेल ओढून कमरेपासून गुडघ्यापर्यंत अंगावर नीट पसरून घेतला होता, ओला. मी ढकलेन असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी लावलेलं सगळं चाललं. बेल वाजली. स्क्रू निघाले. मी तेवढी चालले नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि गार पाण्यात पडून राहिल्यामुळे छातीत कफ झाला. हॉस्पिटलमध्ये मी डबा घेऊन गेले तेव्हा मुलगा त्यांच्या उशाशी बसला होता.

"बाबा, कडी का लावलीत? आईचं माहीत असून? तुम्ही दुसऱ्यांच्या काढत होतात ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी डब्याचं झाकण उघडत होते, ते उघडतच राहिले.

"सवय," काका म्हणाले. "जुनी सवय. चुकलं."

मुलगा वाईट नव्हता. त्याने कपाळ धरलं आणि हाच शब्द पुढे सगळ्यांना सांगितला. सवय. बिल्डिंगमध्ये तो शब्द माझ्या आधी पोचला.

नंतर त्यांना बाळकुमला मुलाच्या घरी नेलं. मी एकदा भेटायला गेले. अठराव्या मजल्यावर मोठी खोली, आरशासारखी फरशी. बाथरूममध्ये धरायला काही नव्हतं. मुलगा म्हणाला, भिंतीला भोक पाडलं तर टाइल तडकतील, आणि आता बाबा चालणार तरी कुठे? खरं होतं. काका पलंगावर डायपर लावून पडले होते, छताकडे बघत. कठडा नाही, गाठी नाहीत. हात चादरीवर काहीतरी चाचपत होता.

मला बघून म्हणाले, "पाणी पिता ना?"

"हो काका."

"समोरच्यांच्या दांड्याचे स्क्रू बघा. वर्षाने ढिले होतात." मग दम लागला. मी थांबले. "आणि लोक आता कड्या परत बसवतील. माझं बघून. त्यांना सांगा, माझं बघू नका म्हणावं. कडी नको म्हणावं. सांगाल ना?"

मी मान हलवली. खरं कारण सांगेन, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. मुलगा चहा घेऊन आला आणि ते राहिलं. आठवड्याने काका गेले.

त्यांचं घर मुलाने भाड्याने दिलं. नव्या भाडेकरूंनी कठडा काढला; दिसायला हॉस्पिटलसारखं वाटतं म्हणाले. मी आता समोरच्या काकूंकडे काम करते. दांड्याचे स्क्रू मी दर महिन्याला बघते. तेवढं मला जमतं.

बिल्डिंगमध्ये एकेका घरात कड्या परत आल्या. जिन्यात बायका बोलायच्या, "अहो, स्वतःच लावत होते की!" मी पिशवी घेऊन बाजूने वर जायची. रोज ठरवायची, आज सांगते.

परवा काकूंनी सुतार बोलावला. त्याने नवी कडी आणली होती, जाड, चकचकीत, आणि बोटाएवढे लांब स्क्रू. दाराला खुणा करून त्याने ड्रिल हातात घेतलं, तेव्हा काकूच म्हणाल्या, "थांब रे जरा." आणि माझ्याकडे वळल्या.

"तू तिथे होतीस. तू सांगशील ते मी करते. त्यांनी कडी खरंच सवयीने लावली होती का गं?"

सुतार बघत होता. काकू बघत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं. मग मला दिसलं की कडी कुणासाठी होती हे सांगितलं की दार उघडल्याचं सांगावं लागेल, ते सांगितलं की चाळीतलं सांगावं लागेल, आणि सगळ्यात शेवटी ती वीस मिनिटं.

"हो काकू," मी म्हटलं. "सवयच होती."

"बघ म्हणजे," काकू म्हणाल्या. "एवढ्या हुशार माणसालाही कडीशिवाय राहवलं नाही. लाव रे बाबा."

ड्रिलचा भुगा मी झाडून घेतला. सुतार गेल्यावर काकू वॉकर टेकत आत गेल्या आणि कडी लावून बघितली. आतून त्यांचा आवाज आला, "छान घट्ट बसली गं!"

मी बाहेरून दाराला खांदा लावून बघितला. दार जरासुद्धा हललं नाही.